सव्विसाव्या दिवशीचा ताप: डायलिसिसचा रुग्ण, व्हँकोमायसिन आणि नाहीसे झालेले न्यूट्रोफिल

डायलिसिसच्या रुग्णाला लांब मुदतीचे अँटिबायोटिक चालू आहे, ताप कधीच उतरला आहे, आणि चौथ्या आठवड्यात तो अचानक परत येतो. अशा वेळी वॉर्डात पहिला विचार हमखास एकच असतो: जंतू पुन्हा उठला, औषध कमी पडले. या प्रकरणात त्या विचाराने डोस वाढवला असता, तर नुकसान करणारी गोष्टच वाढवली गेली असती.

प्रकरण अभ्यासासाठी जुळवलेले आहे. ही कोणा एका माणसाची केस नाही; अशा रुग्णांत जे घडताना दिसते ते एकाच रुग्णावर मांडले आहे. औषधांचे वागणे, डोस आणि त्यामागची कारणे मात्र खरी आहेत.

रुग्ण

५८ वर्षांचे शेतकरी, सांगली जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातले. मधुमेह १६ वर्षांचा, त्यातच दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. डायलिसिसला सव्वा वर्ष झाले होते. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी. तीनदा व्हायला हवे हे डॉक्टरांना ठाऊक असते आणि रुग्णालाही. पण डायलिसिसचा खर्च सरकारी योजनेतून निघाला तरी येण्याजाण्याचे भाडे आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज कुठल्याच योजनेत बसत नाही, म्हणून आपल्याकडे बरेच जण दोनदावर भागवतात.

डाव्या मनगटाचा फिस्टुला (डायलिसिसची सुई लावण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) तीन महिन्यांत बंद पडला होता. कोपराशी दुसरा केला होता, पण तो अजून सुई लावण्याजोगा झाला नव्हता. तोवर उजव्या बाजूने मानेच्या शिरेत घातलेल्या आणि छातीवर कातडीखालून बाहेर काढलेल्या कॅथेटरवर काम चालू होते. वजन ६१ किलो. लघवी जवळजवळ बंद. ही शेवटची बाब पुढे फार महत्त्वाची ठरते. फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचे माप) १,१०० च्या वर, कारण हिमोग्लोबिन वाढावे म्हणून लोहाची इंजेक्शने वर्षभर चालू होती.

मंगळवारी डायलिसिस सुरू होऊन अर्धा तास झाला आणि त्यांना हुडहुडी भरली. “काका, थंडी वाजतेय का? एसी बंद करू?” सिस्टरने विचारले. एसी बंद करून ब्लँकेट देणे हा डायलिसिस युनिटमधला रोजचा उपाय, आणि बहुतेक वेळा तो पुरतो. तिने आधी थर्मामीटर लावला हे नशीब. ताप १०२.६. मशीन सुरू झाल्यावर अर्ध्यापाऊण तासात थंडी वाजून ताप येणे याचा अर्थ पंपाने कॅथेटरच्या आत चिकटलेले जंतू रक्तात लोटले, असाच आधी घ्यायचा असतो. अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चरच्या दोन जोड्या घेतल्या गेल्या आणि मग व्हँकोमायसिन व सेफ्टाझिडिम ही दोन अँटिबायोटिके सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी बाटलीत द्राक्षांच्या घोसासारखे गोल जंतू दिसले आणि त्यानंतर नाव आले: मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे एमआरएसए. सेफ्टाझिडिम बंद झाले, कॅथेटर काढले गेले, चौथ्या दिवशीचे कल्चर स्वच्छ आले. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत हृदयाच्या झडपांवर काही नव्हते. पण कंबर दुखते असे ते पहिल्या दिवसापासून सांगत होते, आणि एमआरआयमध्ये कंबरेच्या तिसऱ्या व चौथ्या मणक्यांमधल्या चकतीत संसर्ग दिसला. मणक्यात एमआरएसए असेल, तर कोर्स आठ आठवड्यांवर जातो. या प्रकरणाचे मूळ त्या लांबलेल्या मुदतीत आहे. हेच औषध दोन आठवड्यांत थांबले असते, तर पुढचे बहुधा काहीच घडले नसते.

पहिला डोस

व्हँकोमायसिनचा पहिला डोस वजनाच्या हिशेबाने १,५०० मिलिग्रॅम दिला गेला. डायलिसिसचा शेवटचा तास उरला होता म्हणून तो त्या तासात बसवायचा प्रयत्न झाला. पाऊण तासाने चेहरा, मान आणि छाती लाल झाली, खाज सुटली, रक्तदाब थोडा उतरला. ठिबक थांबवले, ॲव्हिलचे इंजेक्शन दिले, उरलेले औषध पुढच्या दोन तासांत सावकाश दिले. पुन्हा काही झाले नाही. फाइलवर कोणीतरी लिहून ठेवले: ‘व्हँकोमायसिनची ॲलर्जी?’

ही ॲलर्जी नव्हे, आणि त्या प्रश्नचिन्हाने पुढे गोंधळ वाढवला. रोगप्रतिकारक पेशींवर व्हँकोमायसिनचा हा पहिला आणि सर्वांत लवकर दिसणारा परिणाम. कातडीखालच्या, हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशींवर एमआरजीपीआरएक्स-२ नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारी जागा) असतो. औषध वेगाने गेले तर ते त्या ग्राहकाला थेट ढोसते आणि पेशी हिस्टामिन ओततात. यात प्रतिपिंडांचा हात नसतो, म्हणून पूर्वी कधी औषध घेतलेले नसले तरी हे पहिल्याच डोसला होऊ शकते, आणि वेग कमी केला की थांबते. बोर्निओतून आलेल्या मातीतल्या जिवाणूपासून अमेरिकेतल्या एली लिली कंपनीने हे औषध काढले आणि १९५८ मध्ये ते बाजारात आले. तेव्हा ते इतके अशुद्ध आणि तपकिरी असे की कंपनीतले लोक त्याला ‘मिसिसिपीचा चिखल’ म्हणत. अंग लाल होण्याचा दोष पुष्कळ वर्षे त्या अशुद्धीवर ढकलला गेला. औषध शुद्ध झाले तरी लाली गेली नाही.

ही प्रतिक्रिया वेगाची. चौथ्या आठवड्यातली मुदतीची. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही.

उतरणारा आकडा

पुढे दर डायलिसिसच्या शेवटी डोस आणि डायलिसिसच्या आधी रक्तातली पातळी, असा क्रम बसला. पातळी १६, मग १८, मग १९. १५ ते २० च्या मध्ये, हवी तशी. ताप पाचव्या दिवशी उतरला. बाराव्या दिवशी ते घरी गेले आणि डायलिसिसलाच येऊन डोस घेऊ लागले. कंबरदुखी निम्म्यावर आली.

पांढऱ्या पेशींचा हिशेब असा होता. पहिल्या दिवशी १४,८००. आठव्या दिवशी ९,६००, त्यात न्यूट्रोफिल (जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) ७८ टक्के. पंधराव्या दिवशी ७,२००, त्यात ६२ टक्के. बाविसाव्या दिवशी ४,३००.

या शेवटच्या कागदाजवळ जरा थांबू. प्रयोगशाळेची खालची मर्यादा ४,०००, त्यामुळे ४,३०० ठळक छापले गेले नाही आणि त्यापुढे बाणही आला नाही. त्याच कागदावर हिमोग्लोबिनला लाल पेनने गोल केला होता, कारण एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनचा निर्णय त्यावर असतो. खालच्या ओळीत, स्टेपलरच्या पिनेने अर्धवट झाकलेल्या जागी, न्यूट्रोफिल ४१ टक्के. ४,३०० चे ४१ टक्के म्हणजे १,७६३. आठव्या दिवशी हाच हिशेब ७,५०० च्या घरात होता, पंधराव्या दिवशी ४,५०० च्या घरात. घसरण थांबली नव्हती, उलट टक्क्यांच्या हिशेबाने वेग घेत होती, आणि एकूण आकडा मात्र ‘नॉर्मल’मध्ये बसला होता.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली कळीची जागा हीच आहे. संसर्ग आटोक्यात येऊ लागला की पांढऱ्या पेशी उतरतात, आणि त्या उतराव्यात म्हणूनच आपण औषध देतो. १४,८०० वरून ७,२०० ही खुशखबर होती. तिथून पुढची घसरण औषधाने केलेली होती. कागदावर दोन्ही एकाच उताराच्या रेषेत येतात. यश कुठे संपले आणि इजा कुठे सुरू झाली याची खूण एकूण आकड्यात उमटत नाही. त्यात व्हँकोमायसिनची पातळी नेमकी हवी तितकी, म्हणून सगळे निर्धास्त. पण न्यूट्रोफिल घटण्याचा पातळीशी संबंध सहसा नसतोच. पातळी जंतूसाठी मोजतात. पेशींसाठी ती काहीही सांगत नाही.

सव्विसावा दिवस

शुक्रवारी रात्री घसा इतका दुखू लागला की दूधभाकरीचा घासही उतरेना. शनिवारी डायलिसिसला आले तेव्हा ताप १०१.४, जिभेच्या कडेला आणि गालाच्या आत पांढरट फोड. नवीन कॅथेटरची जागा स्वच्छ, पू नाही, लाली नाही. कंबर आदल्या आठवड्याइतकीच.

“साहेब, मंगळवारचा रिपोर्ट तर नॉर्मल होता,” मुलगा म्हणाला.

“एकूण आकडा नॉर्मल होता, दादा. आतली वाटणी बघू. गावात काही इंजेक्शन घेतलंय का मधल्या दिवसांत?”

तो प्रश्न नुसता विचारायचा म्हणून विचारलेला नव्हता. मेटामिझोल हे जुने वेदनाशामक न्यूट्रोफिल संपवण्यासाठी जगभर कुप्रसिद्ध आहे, आणि कंबर दुखते म्हणून गावच्या दवाखान्यात सुई टोचून घेणारे रुग्ण काही कमी नाहीत. मुलाने खिशातून गोळ्यांची पाकिटे काढली: पॅरासिटामॉल आणि पँटोप्राझोल. सुई घेतलेली नव्हती.

एकूण पांढऱ्या पेशी १,९००. न्यूट्रोफिल ६ टक्के, लिम्फोसाइट ६८, मोनोसाइट १४, इओसिनोफिल १२. हिमोग्लोबिन ९.४, म्हणजे नेहमीचेच. प्लेटलेट १,९६,०००. न्यूट्रोफिलचा खरा आकडा दर घन मिलिमीटरला ११४. १,५०० च्या खाली तो कमी समजतात, ५०० च्या खाली जिवाला धोका.

इओसिनोफिल १२ टक्के पाहून युनिटमधल्या तरुण डॉक्टरने ‘ड्रेस’ ही शंका काढली. अंगावर पुरळ, ताप, सुजलेल्या गाठी, बिघडलेले यकृत आणि वाढलेले इओसिनोफिल अशी ही औषधाची गंभीर प्रतिक्रिया, आणि व्हँकोमायसिन तिच्या नेहमीच्या कारणांपैकी एक. एचएलए-ए ३२:०१ हा जनुकीय प्रकार असणाऱ्यांत ती अधिक होते हेही आता माहीत आहे. शंका योग्यच होती. पण १,९०० चे १२ टक्के म्हणजे २२८, आणि तेवढे इओसिनोफिल कुणाच्याही रक्तात असतात. न्यूट्रोफिल गेले की बाकीच्यांची टक्केवारी आपोआप फुगते. चेहऱ्यावर सूज नाही, गाठी नाहीत, यकृताच्या तपासण्या ठीक. ड्रेस बाजूला पडले.

महिना ऑगस्टचा, म्हणून डेंग्यूची तपासणी झाली. ती निगेटिव्ह, आणि प्लेटलेटही शाबूत. अस्थिमज्जाच बंद पडली असती, तर प्लेटलेटही सोबत घसरल्या असत्या. येथे एकच जात वेचून गेली होती. एमआरएसए परतला असण्याची शक्यता कल्चर येईपर्यंत पुसता येत नव्हती, पण पुन्हा उठलेला स्टॅफिलोकोकस न्यूट्रोफिल ११४ वर आणत असेल, तर रुग्ण शॉकमध्ये असतो. हे गृहस्थ खुर्चीत बसून बोलत होते. उरले व्हँकोमायसिन. लांबलेल्या कोर्समध्ये त्याने न्यूट्रोफिल घटण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अहवालांत साधारण २ ते १२ टक्के नोंदले आहे, आणि बहुतेकांत ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसते. सव्विसावा दिवस त्यात चपखल बसतो.

हे घडते कसे? काही रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे सापडली आहेत की जी औषधाच्या उपस्थितीत न्यूट्रोफिलला चिकटतात आणि त्याला नष्ट करवतात. काहींच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिलची पिढी अर्ध्या वाढीवर अडकलेली दिसते. न्यूट्रोफिल रक्तात काही तासच टिकतात आणि मज्जा रोज सुमारे १०० अब्ज नवे सोडते. पुरवठा अडला किंवा वाटेतच नाश होऊ लागला, तर आकडा आठवड्याभरात तळाला जातो. लाल पेशी जवळपास १२० दिवस जगतात, त्यांचा तुटवडा इतक्या लवकर दिसत नाही.

किडनी नसलेल्या माणसाचे ११४

डायलिसिसच्या रुग्णाचे ११४ न्यूट्रोफिल आणि निरोगी किडनीच्या माणसाचे ११४ सारखे नसतात. पेशी मोजता येतात, त्यांचे काम सहजासहजी मोजता येत नाही, आणि कागदावर येतो तो आकडाच.

किडनी बंद पडल्यावर रक्तात साचणारी द्रव्ये, उदाहरणार्थ इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट, रोगप्रतिकारक पेशींचे वागणे बिघडवतात. न्यूट्रोफिल जंतूकडे नीट सरकत नाहीत, गिळण्याची ताकद कमी होते आणि वेळेआधी मरतात. साखर जास्त असेल, तर त्यात भर. लोह साचले असेल तर आणखी, कारण जादा लोह न्यूट्रोफिलला लंगडे करते आणि जंतूंना खाऊ घालते. या रुग्णात तिन्ही गोष्टी होत्या. टी पेशींची ताजी फळी आटते, म्हणून लशी नीट लागत नाहीत. हिपॅटायटिस बी ची लस डायलिसिसच्या रुग्णाला दुप्पट, ४० मायक्रोग्रॅमच्या डोसात द्यावी लागते, ती याच कारणाने. गंमत अशी की याच शरीरात दाह मात्र सतत धुमसत असतो, मोनोसाइट चिडलेले असतात, सीआरपी (दाहाचे रक्तातले माप) क्वचितच पूर्ण खाली येतो. म्हणजे पेशी सदैव तंग आणि तरीही कामाला कमकुवत. डायलिसिसच्या रुग्णांत हृदयविकारानंतर मृत्यूचे मोठे कारण संसर्ग असते, याची मुळे यातच आहेत.

डायलिसिस स्वतःही पेशींना हात लावते. जुन्या सेल्युलोजच्या पडद्याशी रक्ताची गाठ पडली की कॉम्प्लिमेंट (रक्तातली जंतूविरोधी प्रथिने) जागे होई, न्यूट्रोफिल फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकत आणि पहिल्या पंधरा मिनिटांत रक्तातला आकडा कोसळे. तासाभराने परत येई. हे १९७७ च्या सुमारास उलगडले. आजच्या कृत्रिम पडद्यांत ते फारच कमी होते, तरी रक्ताचा नमुना मशीन सुरू होण्याआधी घ्यावा हा नियम त्यामुळे शहाणपणाचा ठरतो. शनिवारचा नमुना सुरू होण्याआधीचाच होता, म्हणून ११४ ला दुसरे स्पष्टीकरण उरले नाही.

औषध थांबवले, पण गेले कुठे?

व्हँकोमायसिन त्याच दिवशी थांबवले. किडन्या चालू असलेल्या माणसात त्याची निम्मी मात्रा ४ ते ६ तासांत निघून जाते; दोन दिवसांत औषध जवळजवळ संपते. लघवीच नसलेल्या रुग्णात त्याच निम्म्याला आठवडा लागू शकतो. पातळी त्या सकाळी १८ होती. हातावर हात ठेवून बसले असते, तर आठवड्याभराने ती ९ वर आली असती, आणि तोवर पेशींचा नाश चालूच. ‘बंद केले’ असे फाइलवर लिहिणे आणि शरीरातून औषध जाणे यांत या रुग्णांच्या बाबतीत आठवड्याचे अंतर असते. औषधाने झालेल्या न्यूट्रोपेनियावर, म्हणजे न्यूट्रोफिल घटण्यावर, जे लेख वाचायला मिळतात ते बहुतेक किडनी ठीक असलेल्या रुग्णांवरचे; त्यांतली ‘औषध थांबवल्यावर इतक्या दिवसांत आकडा सुधारला’ ही गणिते जशीच्या तशी येथे लावता येत नाहीत.

मार्ग होता तो मशीनमध्येच. व्हँकोमायसिनचा रेणू मोठा, सुमारे १,४५० डाल्टनचा. जुन्या बारीक छिद्रांच्या पडद्यांतून तो जवळपास निघतच नसे, म्हणून त्या काळी डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून एकच डोस पुरायचा. मोठ्या छिद्रांच्या पडद्याच्या, म्हणजे हाय-फ्लक्स, डायलायझरमधून मात्र एका बैठकीत साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त निघतो. शनिवार, रविवार आणि सोमवार असे तीन दिवस लागोपाठ चार-चार तास हाय-फ्लक्स डायलिसिस केले. मंगळवारी सकाळी पातळी ५.४. रविवारी मशीन चालू ठेवायला टेक्निशियनची मनधरणी करावी लागली, हेही उपचाराचाच भाग समजायला हरकत नाही.

मणक्यातल्या एमआरएसएला दुसरे काय द्यायचे, हा त्यानंतरचा प्रश्न. टायकोप्लॅनिन त्याच घराण्यातले, आणि व्हँकोमायसिनने न्यूट्रोफिल गेलेल्या काही रुग्णांत त्यानेही तेच केल्याच्या नोंदी आहेत. लिनेझोलिड गोळीने देता येते आणि हाडात चांगले पोहोचते, पण ते मायटोकॉन्ड्रियातली प्रथिननिर्मिती अडवते आणि दोन आठवड्यांपुढे मज्जा दाबते. किडनी निकामी असलेल्यांत प्लेटलेट घसरण्याचे प्रमाण ठळकपणे जास्त. मज्जेला सावरायची असताना तिच्यावरच आणखी एक ओझे घालण्यात अर्थ नव्हता. डॅप्टोमायसिन निवडले: किलोला ८ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ५०० मिलिग्रॅम, दर ४८ तासांनी, डायलिसिसच्या दिवशी डायलिसिस संपल्यावर. ते स्नायूंना इजा करू शकते म्हणून दर आठवड्याला सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी), आणि तेवढ्या काळापुरती ॲटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी बंद. ते महाग आहे. पण येथे स्वस्त पर्याय खरोखर स्वस्त पडला असता का, याची मला शंका आहे.

न्यूट्रोफिल नसताना ताप, म्हणून आतड्यातल्या जंतूंविरुद्धही अँटिबायोटिकचे संरक्षण हवे होते. अनेकजण अशा वेळी सेफेपाइमकडे हात नेतात. किडनी नसलेल्या माणसात ते साचते आणि मेंदूवर परिणाम करते. रुग्ण बरळू लागतो, झटके येतात, आणि ते ‘युरिया वाढला’ म्हणून दुर्लक्षित राहते. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम डायलिसिसच्या मात्रेत सुरू केले. हाही बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या गटातला), आणि लांब कोर्समध्ये बीटा-लॅक्टमनेही न्यूट्रोफिल घटतात. पाच दिवसांपुरते देताना ती जोखीम पत्करण्यासारखी होती. सोबत फिल्ग्रास्टिम (मज्जेला न्यूट्रोफिल बनवायला लावणारे इंजेक्शन), रोज ३०० मायक्रोग्रॅम कातडीखाली. किडनीसाठी त्याचा डोस बदलावा लागत नाही.

शनिवारी ११४. रविवारी ९६. सोमवारी १३०, ताप रात्री उतरला. मंगळवारी ४१०, बुधवारी १,२८०, गुरुवारी ४,९००, फिल्ग्रास्टिम थांबवले. पाच दिवसांनी ब्लड कल्चरमध्ये काहीही वाढले नव्हते, पिपरॅसिलिनही थांबले. तोंडातले फोड आठवड्याभरात भरले. डॅप्टोमायसिनवर आठ आठवडे पूर्ण झाले, कंबरेला पट्टा बांधून ते चालू लागले, आणि सातव्या आठवड्यात कोपराच्या फिस्टुलात पहिली सुई लागली. कॅथेटर निघाले.

कितपत खात्रीने म्हणावे?

त्रास औषधामुळेच झाला का हे गुणांनी ठरवणाऱ्या नारांजो यांच्या १९८१ च्या पद्धतीने मोजले तर सात गुण पडतात: यापूर्वी अशा नोंदी आहेत याचा एक, औषधानंतर घडले याचे दोन, थांबवल्यावर सुधारले याचा एक, दुसरे कारण सापडले नाही याचे दोन आणि तपासणीत पुरावा दिसला याचा एक. सात म्हणजे ‘संभवनीय’, नऊपासून ‘निश्चित’. त्या सातांतल्या एका गुणावर मी स्वतः बोट ठेवीन. थांबवल्यावर सुधारणा झाली हे खरे, पण त्याच दिवशी फिल्ग्रास्टिम सुरू झाले होते. आकडा कशामुळे वर आला हे वेगळे काढता येत नाही. रविवारी, सोमवारी पातळी खाली येत असताना पेशी तळालाच होत्या आणि मंगळवारी ती ५.४ वर आल्यावर चढ दिसला, हे औषधाच्या बाजूने बोलते. फिल्ग्रास्टिमलाही असर दाखवायला दोन-तीन दिवस लागतातच, हे विरुद्ध बाजूने. न्यूट्रोफिलविरोधी प्रतिपिंडांची तपासणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी होत नाही. मज्जेची तपासणी प्लेटलेट शाबूत असल्याने आणि आकडा लवकर वळल्याने केली नाही. आणि पक्क्या पुराव्यासाठी औषध पुन्हा देऊन बघणे येथे कुणी करणार नाही, करूही नये.

सगळी अँटिबायोटिके पेशींना अशी मारत नाहीत. काही त्यांचे वागणे बदलतात. अझिथ्रोमायसिन न्यूट्रोफिलला बोलावणारे संदेश कमी करते, म्हणून फुप्फुसांच्या काही जुनाट आजारांत ते जंतूंपेक्षा दाहासाठी दिले जाते. डॉक्सिसायक्लिन ऊती पोखरणारी विकरे दाबते. मायटोकॉन्ड्रिया मुळात जिवाणूंच्याच वंशातले, त्यामुळे जिवाणूंची प्रथिननिर्मिती अडवणारी औषधे आपल्या पेशींच्या भट्टीलाही थोडा चटका देतात. प्रयोगशाळेत हे परिणाम दिसतात. आधीच दुबळ्या न्यूट्रोफिलवर जगणाऱ्या डायलिसिसच्या रुग्णात त्यांचे वजन किती, हे खाटेशेजारी उभे राहून सांगण्याइतका पुरावा हाती नाही. आकडा घसरणे मात्र मोजता येते, आणि तेवढे तरी मोजले जावे. व्हँकोमायसिन दोन आठवड्यांपुढे गेले की दर आठवड्याला टक्केवारीसह रक्ततपासणी, आणि टक्क्यांचा गुणाकार करून न्यूट्रोफिलचा खरा आकडा फाइलवर हाताने लिहिणे. तालुक्याच्या ठिकाणी पांढऱ्या पेशी तीनच गटांत मोजणारे यंत्र असेल, तर इओसिनोफिल वेगळे कळत नाहीत. तेव्हा काचपट्टी पाहणाऱ्याकडे नमुना पाठवावा. खालची रेघ १,५०० ची धरली तरी, आठवड्यात आकडा निम्म्याखाली गेला असेल तर त्या रेघेची वाट पाहू नये. या रुग्णात तसे केले असते, तर बाविसाव्या दिवशी औषध बदलता आले असते.

डिस्चार्जच्या वेळी फाइलवरचा ‘व्हँकोमायसिनची ॲलर्जी?’ हा शेरा खोडला. त्याजागी दोन वेगळ्या ओळी आल्या. पहिली: जलद दिल्यास अंग लाल होते, हे औषध टाळण्याचे कारण नाही. दुसरी: २६ व्या दिवशी न्यूट्रोफिल ११४, व्हँकोमायसिन पुन्हा देऊ नये, टायकोप्लॅनिन देण्याची वेळ आलीच तर दर तीन दिवसांनी रक्त तपासावे. या दोन ओळी मराठीत एका कार्डावरही लिहून दिल्या, कारण पुढचा ताप कोणत्या गावात येईल आणि समोर कोण डॉक्टर असेल हे ठरलेले नसते. मुलाने ते कार्ड योजनेच्या कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पाकिटात घातले आणि विचारले, “साहेब, लोहाची सुई चालू ठेवायची का?” फेरिटिन ५०० च्या खाली येईपर्यंत ती थांबवली आहे.